मधुमेहाची गोळी : लिहिणारा, देणारा आणि घेणारा



आधी एका घरची गोष्ट सांगतो. नाव-गाव सांगत नाही, कारण ती आपल्यापैकी कोणाच्याही घरची असू शकेल.

सोयाबीनच्या काढणीचे दिवस होते. उदगीर भागातील पासष्टीचे एक शेतकरी पहाटे नुसता चहा पिऊन, साखरेची गोळी घेऊन शेतावर गेले. ‘भाकरी मागाहून पाठवा’ असे सांगून गेले. मळणीयंत्र दुपारी दुसऱ्याच्या शेतावर जायचे होते, म्हणून घाई होती. भाकरी पोचेपर्यंत अकरा वाजले. तोवर काका बांधावर बसून होते. अंगाला दरदरून घाम सुटला होता, हात थरथरत होते आणि बोलण्यात काही मेळ नव्हता. कोणी म्हणाले, ऊन लागले. एकाने तर हळूच म्हटले, ‘सकाळीच घेतलेली दिसते.’ काकांनी आयुष्यात दारूला हात लावलेला नव्हता. थोड्या वेळाने ते आडवे झाले आणि हाकेला ओ देईनासे झाले.

सरकारी रुग्णालयात बोटाचे रक्त तपासले. साखर ३४ भरली. शिरेतून ग्लुकोज दिल्यावर काही मिनिटांत त्यांनी डोळे उघडले आणि ‘मळणी झाली का?’ असे विचारले. घरचे लगेच परत न्यायला निघाले. डॉक्टरांनी मात्र सोडले नाही, आणि ते फार बरे झाले. संध्याकाळी साखर पुन्हा उतरली. रात्रभर सलाइन चालू ठेवावे लागले.

दुसऱ्या दिवशी सूनबाईंनी त्यांची औषधांची पिशवी खाटेवर रिकामी केली. दोन निरनिराळ्या गोळ्यांची पाकिटे निघाली. एक होते गावाकडच्या डॉक्टरांनी दोन वर्षांपूर्वी सुरू केलेल्या गोळीचे. दुसरे होते हैदराबादचे. मुलगा तिकडे नोकरीला आहे, त्याने महिन्यापूर्वी वडिलांना तेथील एका दवाखान्यात दाखवले होते. दोन्ही पाकिटांवरची नावे वेगळी, रंग वेगळे, कंपन्या वेगळ्या. पण पाकिटामागच्या बारीक अक्षरांत लिहिलेले औषध एकच होते : ग्लिमेपिराइड. एका गोळीत ते एकटे होते, दुसरीत मेटफॉर्मिनच्या जोडीला होते. काका महिनाभर एकच औषध दोन नावांनी घेत होते. घरी वेळेवर जेवत होते तोवर कसेबसे निभावले. काढणीच्या दिवशी पोट रिकामे राहिले आणि तोल गेला.

यात चूक कोणाची? हैदराबादच्या डॉक्टरांनी जुन्या गोळ्या मागितल्या नाहीत. काकांनी त्या नेल्या नाहीत. दुकानदाराने दुसरे काही चालू आहे का, हे विचारले नाही. कोणाच्याही मनात वाईट नव्हते. पण औषध तीन हातांतून जाते : लिहिणाऱ्याच्या, देणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्या. या तिघांनी एकमेकांशी दोन शब्द बोलायचे राहिले, तर चांगले औषधही घातक ठरते. आजच्या लेखात एवढेच एक सांगायचे आहे.

हैदराबादच का?

नोव्हेंबर १९५६ पर्यंत मराठवाडा हैदराबाद राज्यात होता. राज्ये वेगळी झाली, पण दवाखान्याची वाट मोडली नाही. नांदेड, देगलूर, उदगीर, लातूर भागातील माणूस दुखणे वाढले की अजूनही हैदराबादची गाडी धरतो. अनेकांची मुले-लेकी तिकडेच राहतात. म्हणून हैदराबादची चिठ्ठी आपल्या गावात येणे ही नेहमीचीच गोष्ट आहे.

मधुमेहाच्या बाबतीत तर या शहराचे नाव ठळकपणे घ्यावे लागते. सन २००० मध्ये देशातील सहा मोठ्या शहरांत वीस वर्षांवरील माणसांची पाहणी झाली. तिचे निष्कर्ष २००१ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात हैदराबाद पहिले आले. तेथे शंभरातील १६.६ प्रौढांना मधुमेह आढळला. म्हणजे दर सहांमागे एक. चेन्नईत हे प्रमाण १३.५, बंगळूरला १२.४, कलकत्त्यात ११.७, दिल्लीत ११.६ आणि मुंबईत ९.३ होते. पुढे भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या मदतीने सर्व राज्यांत मोठी पाहणी झाली. २०२३ मध्ये तिचा अहवाल आला, त्यानुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. ‘हा शहरातल्या बसून खाणाऱ्यांचा रोग’ असे म्हणायची सोय आता उरलेली नाही.

इतक्या लोकांना मोठ्या रुग्णालयातील तज्ज्ञ पुरे पडणार नाहीत. मधुमेहाचे रोजचे औषध प्राथमिक आरोग्य केंद्रातच, वस्तीतल्या दवाखान्यातच मिळाले पाहिजे. हैदराबादेत त्यासाठी २०१८ पासून ‘बस्ती दवाखाने’ सुरू झाले. अनेक दवाखाने वस्तीतील समाजमंदिरातच थाटलेले आहेत. तपासणी आणि औषध मोफत मिळते. रक्ताचे नमुने घेऊन मध्यवर्ती प्रयोगशाळेकडे पाठवले जातात. एका दवाखान्यात एक डॉक्टर, एक नर्स आणि एक मदतनीस असा छोटासा चमू असतो. मोलमजुरी करणाऱ्या माणसाला एका दिवसाची मजुरी न बुडवता गोळी मिळावी, हा त्यामागचा हेतू. आपल्याकडेही १५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी व औषध मोफत झाले आहे.

ही सोय चांगलीच आहे. पण रांग लांब, वेळ थोडा आणि माणसे मोजकी असली की नेमका तो ‘दोन शब्द बोलण्याचा’ भाग गळतो. म्हणून तिन्ही हातांची कामे एकेक करून पाहू.

पहिला हात : लिहिणारा

मधुमेहाची गोळी लिहिण्यापूर्वी डॉक्टर काही प्रश्न विचारतात. ते का विचारतात हे आपल्याला ठाऊक असेल तर आपण नीट उत्तर देऊ. आणि ते विचारायचे राहिले तर आपण होऊन सांगू.

पहिला प्रश्न मूत्रपिंडाचा. मेटफॉर्मिन हे आज बहुतेकांना सर्वांत आधी दिले जाणारे औषध. जुने, स्वस्त आणि एकटे असताना साखर सहसा फार खाली न नेणारे. सुरुवात साधारणपणे ५०० मिलिग्रॅमने, जेवणासोबत करतात आणि हळूहळू वाढवतात. एकदम जास्त दिले की पोट बिघडते, मग रोगी औषधच सोडून देतो. पण हे औषध शरीराबाहेर टाकण्याचे काम मूत्रपिंड करते. रक्तातील क्रिएटिनिन तपासून, वय लक्षात घेऊन मूत्रपिंड किती काम करते याचा आकडा काढतात. तो ३० च्या खाली असेल तर मेटफॉर्मिन देत नाहीत. ३० ते ४५ च्या दरम्यान असेल तर नव्याने सुरू करत नाहीत आणि चालू असेल तर मात्रा कमी करतात. म्हणून वर्षातून एकदा तरी ही तपासणी झालीच पाहिजे. ज्यांचे मूत्रपिंड आधीच दुबळे आहे त्यांना ती अधिक वेळा करावी लागते. मेटफॉर्मिन अनेक वर्षे घेणाऱ्यांत बी-१२ जीवनसत्त्व कमी होऊ शकते. तळपाय बधिर होऊ लागले, थकवा वाढला तर डॉक्टरांना सांगावे.

याच घराण्यातील फेनफॉर्मिन नावाचे औषध पूर्वी वापरात होते. त्याने रक्तात घातक आम्ल साठून माणसे दगावत, म्हणून २००३ मध्ये आपल्या देशात त्यावर बंदी आली. २०१० मध्ये रोसिग्लिटाझोन बंद झाले. २०१३ च्या जून महिन्यात पायोग्लिटाझोनची विक्री थांबवली गेली आणि जुलैअखेर ती इशाऱ्यासह पुन्हा सुरू झाली. सांगायचे एवढेच की औषधांबद्दलचे ज्ञान बदलत असते. दहा वर्षांपूर्वीची चिठ्ठी दाखवून आज औषध घेऊ नये आणि ट्रंकेच्या तळाशी सापडलेली जुनी गोळी तर मुळीच घेऊ नये.

दुसरा प्रश्न वयाचा, जेवणाचा आणि कामाचा. ग्लिबेनक्लामाइड, ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड या गोळ्या आपल्याच शरीरातून इन्शुलिन बाहेर काढायला लावतात. पोटात अन्न असो वा नसो, त्या आपले काम करतात. म्हाताऱ्या माणसात, मूत्रपिंड दुबळे झालेल्यात त्यांचा अंमल लांबतो. ग्लिबेनक्लामाइडचा तर फारच. काकांची साखर संध्याकाळी पुन्हा उतरली, ती औषधाचा अंमल अजून बाकी होता म्हणून. डॉक्टरांना आपण स्पष्ट सांगावे : ‘मी सकाळी सहाला शेतावर जातो, पहिली भाकरी दहाला खातो.’ मग ते तशी गोळी आणि तशी वेळ ठरवतील. म्हाताऱ्या, एकट्या राहणाऱ्या माणसाची साखर फार काटेकोर खाली आणण्याचा हट्ट चांगले डॉक्टर धरत नाहीत. तीन महिन्यांच्या सरासरीची जी तपासणी असते, ती तरुणाची ७ च्या आसपास आणतात. वृद्धाची ८ पर्यंत असली तरी चालवून घेतात.

तिसरा प्रश्न इतर औषधांचा. कंबरदुखीसाठी दुकानातून आणलेली डायक्लोफिनॅकसारखी गोळी मूत्रपिंडावर ताण आणते. दम्यासाठी वा सांधेदुखीसाठी दिलेले स्टेरॉइड साखर वर नेते. लघवीच्या जंतुसंसर्गावर दिले जाणारे कोट्रायमोक्झॅझोल वर सांगितलेल्या गोळ्यांसोबत साखर एकदम खाली आणू शकते. आणखी एक. बाजारात ‘मधुमेह मुळापासून बरा’ म्हणून काही चूर्णे विकली जातात. असल्या मालात गुपचूप मधुमेहाच्याच गोळ्या दळून घातलेल्या अनेक ठिकाणी सापडल्या आहेत. २००८ मध्ये सिंगापुरात बेकायदा औषधांत मिसळलेल्या ग्लिबेनक्लामाइडमुळे अनेकांची साखर कोसळली आणि काही जण मृत्युमुखी पडले. चूर्ण घेत असाल तर लाज न बाळगता डॉक्टरांना सांगा.

चौथी गोष्ट अक्षराची. २०१६ मध्ये भारतीय वैद्यक परिषदेने नियम केला की डॉक्टरांनी औषधाचे मूळ नाव, वाचता येईल अशा आणि शक्यतो मोठ्या इंग्रजी अक्षरांत लिहावे. कंपनीचे नाव गावोगाव बदलते, मूळ नाव बदलत नाही. चिठ्ठीवर मूळ नाव नसेल तर नम्रपणे म्हणावे, ‘डॉक्टरसाहेब, गावाकडे ही कंपनी मिळत नाही. औषधाचे मूळ नाव लिहून द्याल का?’ यात कोणाचा अपमान नाही.

दुसरा हात : देणारा

औषध देणारा म्हणजे दुकानातील फार्मासिस्ट, आरोग्य केंद्रातील औषधनिर्माता, बस्ती दवाखान्यातील नर्सबाई किंवा आपल्या मिशन डिस्पेन्सरीतील सिस्टर. १९४३ मध्ये सिस्टर मेरी ग्लाऊरी या डॉक्टर धर्मभगिनीने कॅथॉलिक रुग्णालयांची जी संघटना स्थापन केली, तिचे मुख्य कार्यालय आज हैदराबादला लागूनच सिकंदराबादेत आहे. लहान डिस्पेन्सऱ्यांना गावात किती मान आहे हे आपण जाणतोच. तेथे लिहिणारा आणि देणारा पुष्कळदा एकाच खोलीत असतो, कधी एकच व्यक्ती असते. मग चूक पकडणारी दुसरी नजरच नसते. म्हणून तेथे अधिक सावध राहावे लागते.

मधुमेहाच्या गोळ्या चिठ्ठीशिवाय विकण्याच्या नाहीत. पाकिटावर तशी सूचना छापलेली असते. चिठ्ठीतल्या औषधाऐवजी दुकानदाराने आपल्या मनाने दुसरे द्यावे, अशीही कायद्यात मोकळीक नाही. ‘तेच आहे, कंपनी वेगळी’ असे तो म्हणाला तर दोन्हींची मूळ नावे आणि मिलिग्रॅम ताडून पाहावेत, शंका असल्यास लिहिणाऱ्या डॉक्टरांना फोन करावा.

येथे एक फसवी जागा आहे. जोडगोळ्यांच्या नावापुढे इंग्रजी अक्षर आणि १, २ असे आकडे असतात. एकची गोळी संपली म्हणून दोनची दिली, तर ग्लिमेपिराइड एक मिलिग्रॅमचे दोन होते. नाव तेच, पाकीटही सारखेच दिसते, मात्रा मात्र दुप्पट. नावांत एखाद्याच अक्षराचा फरक असलेली, पण अगदी निराळ्या रोगावरची औषधेही बाजारात आहेत.

चांगला औषध देणारा चार गोष्टी करतो. नाव विचारून योग्य माणसालाच औषध देतो. पाकीट चिठ्ठीशेजारी ठेवून वाचतो. गोळी जेवणाआधी की नंतर, हे पाकिटावर मराठीत लिहून देतो. आणि शेवटी रोग्याकडूनच वदवून घेतो : ‘काका, आता मला सांगा, ही कधी घेणार?’ काका चुकले तर पुन्हा सांगतो. याला अर्धे मिनिट लागते. उदगीरच्या काकांच्या बाबतीत हे अर्धे मिनिट कोणी दिले असते, तर दुसरे पाकीट त्याच दिवशी बाहेर आले असते.

पाकिटातून दहा गोळ्या कापून देताना नाव आणि मुदत छापलेला भाग कापला जातो. कागदाच्या पुडीत तर काहीच कळत नाही. नाव आणि मुदत दिसेल असाच भाग मागून घ्यावा. ज्यांना शक्य आहे त्यांनी महिन्याचे औषध एकदम, पूर्ण पाकिटात घ्यावे. बिलही मागावे आणि जपून ठेवावे.

इन्शुलिन : सुईच्या टोपणाचा रंग पाहा

इन्शुलिनच्या बाबतीत चूक अधिक महाग पडते. आपल्या देशात मुख्यतः दोन ताकदींचे इन्शुलिन मिळते. एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट असलेले आणि १०० युनिट असलेले. पहिल्याची सिरिंज लाल टोपणाची, दुसऱ्याची केशरी टोपणाची. बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा एकच असला पाहिजे.

समजा २० युनिट घ्यायचे आहेत. शंभराचे इन्शुलिन चाळीसच्या सिरिंजमध्ये २० च्या खुणेपर्यंत भरले, तर अंगात ५० युनिट जातात. माणूस बेशुद्ध पडायला एवढे पुरे. उलट चाळीसचे इन्शुलिन शंभराच्या सिरिंजमध्ये २० पर्यंत भरले, तर फक्त ८ युनिट जातात आणि साखर चढतच राहते. पेनमधले इन्शुलिन बहुधा शंभराचे असते. ते सिरिंजने ओढून घेऊ नये.

लिहिणाऱ्यांनीही ‘युनिट’ हा शब्द पूर्ण लिहावा. आकड्यापुढे नुसते इंग्रजी ‘यू’ अक्षर घाईत लिहिले की ते शून्यासारखे दिसते आणि ४ चे ४० वाचले जातात.

न उघडलेली बाटली फ्रिजमध्ये दोन ते आठ अंशांत ठेवावी. बर्फाच्या कप्प्यात ठेवू नये, कारण गोठलेले इन्शुलिन वाया जाते. वापरातली बाटली घरातील थंड जागी साधारण चार आठवडे चालते. उघडल्याची तारीख तिच्यावर लिहावी. फ्रिज नसेल तर पाणी शिरणार नाही अशा डबीत घालून ती ओल्या मातीच्या भांड्यात ठेवावी. पत्र्याखाली, चुलीजवळ, मोटारसायकलच्या डिकीत कधीही ठेवू नये.

तिसरा हात : घेणारा

आता आपले काम. घरातील मधुमेही माणसासाठी एक कापडी पिशवी करावी. तिच्यात सर्व पाकिटे, सर्व चिठ्ठ्या, तपासण्यांचे कागद ठेवावेत. उदगीरला जा नाहीतर हैदराबादला, ही पिशवी सोबत गेलीच पाहिजे. नव्या डॉक्टरांपुढे बोलण्याआधी ती टेबलावर रिकामी करावी आणि विचारावे, ‘यातले काय चालू ठेवू आणि काय बंद करू?’ जे बंद झाले ते पिशवीतून त्याच दिवशी काढून टाकावे.

शेजाऱ्याची गोळी घेऊ नये आणि आपली देऊ नये. एक वेळ चुकली म्हणून पुढच्या वेळी दोन घेऊ नयेत. ज्या मेटफॉर्मिनच्या पाकिटावर ‘एसआर’ असे लिहिले असेल, ती गोळी हळूहळू विरघळण्यासाठी बनवलेली असते. ती कुटू नये, चावू नये.

जुलाब-उलट्या सुरू झाल्या, अंगातले पाणी कमी झाले, तर मेटफॉर्मिन थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना विचारावे. २०२० नंतर डॅपाग्लिफ्लोझिन हे नवे औषध स्वस्त झाले आणि आता पुष्कळांना दिले जाते. ते जादा साखर लघवीवाटे बाहेर टाकते. त्यामुळे लघवीच्या जागी खाज, जंतुसंसर्ग होऊ शकतो, स्वच्छता ठेवावी लागते. आजारपणात वा शस्त्रक्रियेआधी तेही थांबवावे लागते. ते घेणाऱ्याला उलट्या, पोटदुखी, धाप लागली तर साखर फार वाढलेली नसली तरीही रुग्णालय गाठावे. इन्शुलिन मात्र आजारपणात आपल्या मनाने बंद करू नये. विशेषतः ज्यांना लहानपणापासून मधुमेह आहे त्यांनी तर कधीच नाही.

उपवास, सुगी आणि शिंदी

राखेचा बुधवार आणि शुभ शुक्रवार या दिवशी अनेक वडीलधारी माणसे डॉक्टरांना न विचारता उपवास धरतात आणि गोळी मात्र नेहमीसारखी घेतात. ख्रिस्तसभेच्या नियमाने उपवास बंधनकारक आहे तो वयाची १८ वर्षे पूर्ण झालेल्यांना, साठावे वर्ष सुरू होईपर्यंत. आजारी माणसाला त्यातही सूट आहे. तरी उपवास करायचाच असेल तर आठ दिवस आधी डॉक्टरांना भेटून गोळ्यांची वेळ आणि मात्रा बदलून घ्यावी.

शेतावरही तोच नियम. जी गोळी साखर उतरवते ती भाकरी समोर आल्यावरच घ्यावी. ‘आधी गोळी, मग बघू’ असे करू नये. दिवसभर काढणीचे, उसाच्या तोडणीचे जड काम असेल तर शरीर साखर अधिक जाळते. त्या दिवशी खिशात साखरेची पुडी असू द्यावी. रिकाम्या पोटी घेतलेली दारू वा शिंदी या गोळ्यांसोबत फार धोक्याची. साखर उतरल्याची लक्षणे आणि नशेची लक्षणे सारखीच दिसतात, आणि मदतीला येणारे लोक तोंडाचा वास घेऊन निघून जातात.

साखर उतरली तर

घाम, थरथर, छातीत धडधड, एकदम भूक, चिडचिड, असंबद्ध बोलणे ही लक्षणे दिसली तर मशीन असल्यास बोटाचे रक्त पाहावे. ७० च्या खाली असेल तर साखर उतरली समजावे. मशीन नसेल तर वाट पाहू नये. शुद्धीवर असलेल्या माणसाला तीन-चार चमचे साखर वा ग्लुकोज पाण्यात विरघळवून पाजावे. पंधरा मिनिटांनी बरे वाटले नाही तर पुन्हा द्यावे. बरे वाटले की भाकरी वा पोळी खाऊ घालावी.

जे व्होग्लिबोज नावाचे औषध घेतात त्यांनी ग्लुकोजची पावडरच जवळ ठेवावी. त्या औषधामुळे साधी साखर आणि गूळ लवकर पचत नाही.

माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नये. ते श्वासनलिकेत जाते. कुशीवर वळवून ठेवावे आणि १०८ ला फोन करावा. ही रुग्णवाहिका सेवा २००५ मध्ये हैदराबादेतूनच सुरू झाली आणि २०१४ पासून आपल्या महाराष्ट्रातही आहे. आणि एवढे लक्षात ठेवा : गोळीमुळे साखर उतरलेला माणूस शुद्धीवर आला तरी त्याला लगेच घरी आणू नये. डॉक्टर ठेवा म्हणतील तेवढा वेळ ठेवावे.

उदगीरचे काका आता बरे आहेत. त्यांची एक गोळी बंद झाली. सूनबाईंनी जुन्या साडीची पिशवी शिवली आहे आणि ती देवघराशेजारच्या खिळ्यावर टांगलेली असते. यंदा काढणीला जाताना त्यांनी आधी भाकरी खाल्ली, मग गोळी घेतली. मळणीयंत्राला थांबावे लागले.

आज रात्री जेवणे झाल्यावर आपल्या घरातील आई-वडिलांच्या गोळ्यांची पाकिटे एकत्र आणा. ती उलटी करा, दिव्याखाली धरा आणि मागची बारीक अक्षरे शाळेत जाणाऱ्या लेकराकडून मोठ्याने वाचून घ्या. एकच नाव दोनदा ऐकू आले, तर उद्याचा दिवस उजाडताच डॉक्टरांकडे जा.